स्टिअरिंग जाम, दोष चाकापाशी

सियालदहहून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याने दक्षिणेला निघालं की मौलालीच्या पुढे पार्क स्ट्रीटच्या चौकात मल्लिकबाजार लागतो. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी कलकत्त्यात तो प्रसिद्ध आहे. तिथे गंजलेल्या लोखंडालाही गिऱ्हाईक असतं. आपल्याकडे मात्र गोठ्यामागचा जुना ट्रॅक्टर स्टिअरिंग जाम झालं की थेट भंगारात निघतो. ही घाई मला पटत नाही.

१९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ शेतात आला. त्या पिढीच्या ट्रॅक्टरना पॉवर स्टिअरिंग नाही. चालकाच्या हातचा जोर स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक अशा वाटेने पुढच्या चाकाच्या स्पिंडलपर्यंत पोचतो. यातलं नेमकं काय अडलंय ते आधी शोधायचं. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे लावा, लिंक सोडवा आणि प्रत्येक चाक हाताने वळवून बघा. चाक हललं नाही तर स्पिंडल धरलाय. चाकं सैल असूनही स्टिअरिंग जडच असेल, तर बॉक्स उघडायचा. स्टिअरिंगला पाइप अडकवून जोर लावणारे भेटतात. त्यात बॉक्सच्या आतले भाग तुटतात.

बहुतेक वेळा स्पिंडलच निघतो. चिखलणीत चाकं पाण्यात बुडतात, ग्रीस निपल चिखलाने बुजतो आणि पाणी बुशमध्ये शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून स्पिंडल पाचर मारल्यासारखा आवळला जातो. उपाय सावकाशीचा: गंज सोडवणारं तेल ओतून रात्रभर मुरू द्यायचं, मग चाक थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे हलवायचं, पुन्हा तेल. डब्ल्यूडी-४० या कामाला हमखास आणलं जातं, पण ते १९५३ मध्ये क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवण्यासाठी बनवलेलं होतं. ॲसिटोन आणि गिअरचं पातळ एटीएफ तेल समप्रमाणात मिसळूनही बरेच जण वापरतात. मात्र ॲसिटोन झटकन पेट घेतो, विडी लांब ठेवा.

तेलाने भागलं नाही तर उष्णता द्यावी लागते. आधी सांडलेलं तेल नीट पुसा. तापवायचं ते बाहेरचं घर, आतली पिन नव्हे. ३० मिलिमीटर व्यासाचं भोक २०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०७ मिलिमीटरने फुगतं, आणि गंज मोकळा व्हायला तेवढं पुरतं. रबरी बूट आणि बॉल जॉइंटपाशी ज्योत नेऊ नका. त्या जॉइंटची निमुळती दांडी ठोक्याने सुटते: नट थोडा सैल करून तसाच ठेवायचा, आर्मच्या कानाला एका बाजूने जड हातोडा टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने नेमका ठोका द्यायचा. आट्यांवर घाव घातला की नवा जॉइंट आणावाच लागतो.

बॉक्समध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल हवं. गळतंय म्हणून त्यात घट्ट ग्रीस भरायची सवय वाईट. दाते फिरले की ते बाजूला सरतं, परत येत नाही, आणि दाते कोरडे घासतात. सील बदलणं स्वस्त पडतं.

स्पिंडल सुटला, नवे बुश बसले, की ग्रीसगन चालवण्याआधी ॲक्सल पुन्हा उचला. ट्रॅक्टर जमिनीवर उभा असताना सगळं वजन स्पिंडलच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतं आणि तिथे ग्रीस पोचतच नाही. चाक अधांतरी लोंबत असताना पंप मारा, आतला काळा चिखल बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत.