धाप थांबते, सूज राहते

भुसावळच्या हवेत दम्याला चिथावणारं बरंच काही आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, पावसाळ्यात रस्त्याकडेला गाजर गवत फुलतं, दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ उडते. हीच हवा सगळं गाव घेतं. धाप मात्र काहींनाच का लागते?

परागकण किंवा गादीतल्या धूळकिड्यांचे कण श्वासनलिकेत शिरले, की अस्तरातल्या पेशी टीएसएलपी, आयएल-३३ असे रासायनिक निरोप सोडतात. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या डेन्ड्रायटिक पेशी तो कण उचलून त्याच यंत्रणेतल्या टी-पेशींना दाखवतात. अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांच्या टी-पेशी या निरुपद्रवी कणालाच शत्रू ठरवतात. मग आयएल-४ मुळे बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतात, आयएल-५ इओसिनोफिल पेशींची फौज वाढवतं आणि आयएल-१३ मुळे चिकट कफ साचतो.

आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुढच्या वेळी तोच कण आला, की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्राईन ओततात. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, छातीत घरघर सुरू होते. काही तासांनी इओसिनोफिल येऊन अस्तराचीच नासधूस करतात आणि ते सुजतं. सगळ्यांचा दमा असा अ‍ॅलर्जीचा नसतो. धुराने चिघळणाऱ्या दम्यात पुष्कळदा न्यूट्रोफिल पेशी पुढे असतात.

आपल्याकडे घोटाळा होतो तो उपचारात. सालब्युटामॉलचा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, माणसाला मोकळं वाटतं. आतली सूज तशीच असते. ती उतरवतं स्टेरॉइडचं श्वासावाटे घ्यायचं औषध, आणि नेमकं तेच ‘पंपाची सवय लागते’ म्हणून बंद केलं जातं. ही भीती निराधार आहे. या औषधाचं व्यसन लागत नाही, आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नका, असं सांगितलं आहे.

आयएल-५ किंवा टीएसएलपीलाच अडवणारी इंजेक्शनंही आता आहेत, पण ती महाग आणि तीव्र दम्यापुरती. बहुतेकांना साधा स्टेरॉइड पंप पुरतो.

जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत. दम्याच्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक. घरात दमेकरी असेल, तर बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.