कापलेले कोपरे

शिमोकिताझावा स्टेशनाबाहेर जुन्या कपड्यांची दुकानं ओळीने लागतात आणि अधूनमधून एखादं रेकॉर्डचं. आम्ही शिरलोय ते जिना चढून वर आहे. टोकियोतली रविवार दुपार. दुकानात गर्दी आहे, पण कुणी बोलत नाही. नुसती प्लॅस्टिकच्या आवरणांची चटचट.

शेजारचे आजोबा सराईत दिसतात. दोन बोटांनी एकेक रेकॉर्ड पुढे पाडतात, आणि एखादी बाहेर काढलीच तर आधी उलटी करून पाहतात. मागे बारीक अक्षरांत वादकांची नावं असतात. ड्रम्सवर जेफ पोर्कारो आहे का? गिटार जे ग्रेडनची आहे का? गायक अगदी अनोळखी असला तरी चालतो. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ठरावीक मंडळीच ज्याच्या-त्याच्या मागे वाजवत होती. यादी वाचली की आतला माल कसा असेल याचा अंदाज येतो.

कप्प्यावर पाटी आहे ‘एओआर’. या मवाळ, गुळगुळीत रॉकला जपानात हेच म्हणतात. बॉझ स्कॅग्जच्या ‘सिल्क डिग्रीज’च्या (1976) प्रती खोक्यात एकीला लागून एक पडून आहेत. लाखोंनी खपलेली वस्तू शोधायला इथवर कोण येतंय! बॉबी कॉल्डवेलचा 1978चा पहिला अल्बमही आहे. जपानी कंपनीने त्याचं बारसं ‘इव्हनिंग स्कँडल’ असं केलं. उभी कागदी पट्टी, म्हणजे ओबी, शाबूत आहे, त्यामुळे भाव चढा.

मग एक अमेरिकन प्रत हाताला लागते. कव्हरचा वरचा कोपरा तिरका छाटलेला. न खपलेला माल कंपन्या पडत्या भावात काढायच्या, आणि दुकानदाराने तो पुऱ्या किमतीला परत करू नये म्हणून असा कोपरा उडवायच्या, नाहीतर कडेला करवतीची खाच पाडायच्या. नापासाचा शिक्काच तो. इथे त्याच नापासाला स्वच्छ पिशवीत घालून, कोपरा कापल्याची चिठ्ठी चिकटवून 1,800 येन लावलेत. मला हा न्याय फार आवडतो.

पुण्याहून आलेला मावसभाऊ कंटाळलाय. “ताई, हे सगळं फोनवर मिळत नाही का?”

“बरंचसं मिळतं.”

“मग?”

“मिळतं ते आधी कुणीतरी अशाच खोक्यातून उपसलेलं असतं रे.”

नेड डोहेनीचंच घ्या. लॉस एंजेलिसच्या गडगंज तेलवाल्या घराण्यातला पोरगा. 1976मध्ये ‘हार्ड कँडी’ काढली, निर्माता स्टीव्ह क्रॉपर. ऐकायला लोण्यासारखी, खपाच्या नावाने बोंब. पुढची ‘प्रोन’ 1979मध्ये निघाली ती फक्त जपानात. अमेरिकी गायक, अमेरिकी गाणी, आणि रेकॉर्ड शोधायची तर टोकियोत! शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने त्याची जुनी गाणी गोळा करून संग्रह काढला तो 2014मध्ये. तोवर त्याला जपलं ते या आजोबांसारख्या गिऱ्हाइकांनी.

‘डी’च्या खोक्यात ‘हार्ड कँडी’ आहे. ‘प्रोन’ नाही.

इटालियन कप्प्यात मात्र नशीब जरा बरं. लुचो बात्तिस्तीची 1977ची, हॉलिवूडला जाऊन केलेली रेकॉर्ड. इटलीत तो घराघरांत पोचलेला. इथे आजोबांनीही ती ओलांडून पुढे ढकलली. मी उचलते.

गल्ल्यावरचा मुलगा तबकडी कडांनी धरून दिव्याखाली तिरकी करतो. बी बाजूवर केसाएवढा चरा आहे. तो नखाने नव्हे, पेन्सिलच्या मागच्या टोकाने लांबूनच दाखवतो. “चालेल ना आपल्याला?” चालेल.

पैसे देता देता मी ‘प्रोन’चं विचारते.

“गेल्या महिन्यात आली होती. त्याच दिवशी गेली.”

“ओबी होती?” उगाच विचारते.

“होती ना.”