आधी पाणी, मग रसायन

सोलापुरी चादर वर्षानुवर्षे धुतली तरी तिचा रंग सहजी उतरत नाही, अशी तिची ख्याती आहे. या पक्केपणात व्हॅट प्रकारच्या रंगांचा मोठा वाटा आहे. हे रंग साध्या पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, यांच्या मदतीने ते विरघळतात आणि सुतात शिरतात. पुढे हवेतला ऑक्सिजन लागला की धाग्याच्या आतच पुन्हा घट्ट होऊन बसतात. टॉवेल पांढराशुभ्र करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते आणि कापडात उरलेला कॉस्टिकचा अंश घालवायला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही रस आटवण्याच्या पात्रांत साचलेला थर काढण्यासाठी कॉस्टिक वापरले जाते. बॅटरीच्या दुकानात सल्फ्युरिक अ‍ॅसिड असते आणि सफाईच्या खोलीत हायपोक्लोराइट.

ही रसायने बहुधा तीव्र स्वरूपात येतात, कारण सोबत पाणी वाहून आणणे परवडत नाही. मग कोणीतरी ती पातळ करतो. मोठ्या कारखान्यात हे काम पंप आणि नळ्या करतात. लहान डाय हाऊसमध्ये बादली, मग आणि एक माणूस. दिवसभराच्या कामातली ही दहा मिनिटेच सर्वांत धोक्याची असतात आणि नेमकी त्याच वेळी घाई केली जाते.

कशात काय ओतायचे?

नियम एका ओळीत सांगता येतो: रसायन पाण्यात जाते, पाणी रसायनात ओतायचे नाही. शाळेतल्या प्रयोगशाळेत तो अनेकांनी ऐकलेला असतो. त्यामागचे कारण कळले तर तो विसरत नाही.

तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. हे अ‍ॅसिड पाण्याच्या जवळजवळ १.८ पट जड असते. अ‍ॅसिडवर थोडे पाणी ओतले तर ते वरच तरंगते. सगळी उष्णता त्या थोड्याशा पाण्याला मिळते, ते क्षणात उकळते आणि वाफेबरोबर अ‍ॅसिडचे थेंब तोंडावर उडतात. उलट भरपूर पाण्यात अ‍ॅसिडची बारीक धार सोडली की ते खाली जाते, पसरते आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते.

कॉस्टिकचे तसेच आहे. एक किलो फ्लेक्स दहा लिटर पाण्यात विरघळवले तर पाण्याचे तापमान साधारण २५ अंशांनी वाढते. तेच फ्लेक्स तीन लिटर पाण्यात टाकले तर द्रावण उकळीच्या आसपास पोहोचू शकते. त्यातून सोलापूरचा मे महिना असेल आणि पाणी पत्र्यावरच्या टाकीतले असेल, तर सुरुवातच कोमट पाण्याने होते. म्हणून सावलीतले थंड पाणी घ्यावे, फ्लेक्स थोडे थोडे टाकावेत आणि प्रत्येक वेळी ढवळावे. फ्लेक्स एकदम ओतले तर तळाशी त्यांचा गठ्ठा होतो आणि तिथले पाणी अचानक उसळते.

भांडेही महत्त्वाचे. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात कॉस्टिक कालवले तर ते धातू खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेणारा आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचेही तेच. जाड प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे बरे. मात्र प्लास्टिकची पातळ बादली गरम द्रावणाने मऊ होऊन कडी निसटते, हेही लक्षात ठेवावे.

मोजमापात एक चूक नेहमी होते. ५० टक्के पेरॉक्साइड पाच टक्क्यांवर आणायचे म्हणजे ते दहापट पातळ करायचे. त्यासाठी एक लिटरला नऊ लिटर पाणी लागते, दहा नव्हे. हे नऊ लिटर आधी मोजून भांड्यात भरून ठेवावे आणि मगच कॅनचे झाकण उघडावे.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

हायड्रोच्या पिंपाला थोड्याशा ओलाव्याचे वावडे आहे. ओला मग आत गेला किंवा पावसाळ्यात पत्र्यातून थेंब पडले, तर पावडर आतल्या आत तापते, घुसमटवणारा सल्फर डायऑक्साइड सोडते आणि पेटूही शकते. अशा वेळी पेलाभर पाणी शिंपडल्याने आग वाढते. माणसांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे आणि आत हायड्रो आहे हे फोनवरच सांगावे. एरवी पिंप जमिनीपासून उंच, कोरड्या जागी आणि झाकण घट्ट लावून ठेवावे.

पेरॉक्साइडला गंज आणि धूळ चालत नाही. लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश मिळाला की ते वेगाने फुटते आणि ऑक्सिजन सोडते. म्हणून मापात उरलेले पेरॉक्साइड पुन्हा कॅनमध्ये ओतू नये. कॅनचे हवा जाणारे झाकण बदलून साधे घट्ट झाकण लावले तर कॅन फुगून फुटतो.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड शुद्ध स्वरूपात सुमारे १६.६ अंशांखाली गोठते. सोलापुरात थंडीत एखाद्या पहाटे पारा तेवढा उतरतो आणि कॅनमध्ये बर्फासारखा गोळा दिसतो. तो वितळवायला शेगडीजवळ ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण, कारण सुमारे ४० अंशांपासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. उन्हाळ्यात इथे हवेचेच तापमान ४० च्या वर जाते. म्हणून हा कॅन उन्हात किंवा बॉयलरच्या बाजूला ठेवू नये.

हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. कारखान्यातल्या गटारात हे घडते आणि घरातल्या संडासातही. ज्याच्या छातीत क्लोरीन गेला आहे त्याला तासाभरात बरे वाटले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवायला हवे.

शरीरात काय होते?

अ‍ॅसिडने भाजले की लगेच आग होते, त्यामुळे माणूस तत्काळ धावतो. कॉस्टिक फसवे आहे. ते त्वचेतल्या चरबीचा साबण बनवते, म्हणून बोटांना आधी नुसते बुळबुळीत लागते. वेदना उशिरा सुरू होते आणि तोवर ते खोल उतरत राहते. बुटात गेलेले कॉस्टिक पाळी संपेपर्यंत लक्षात येत नाही, असे यामुळेच घडते. म्हणून पँट बुटाच्या बाहेर ठेवावी, आत खोचू नये.

डोळ्याचे नुकसान सर्वांत मोठे. कॉस्टिक काही मिनिटांत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून आत पोहोचते. पडदा पांढरा पडला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्याचे पुढे काय होणार हे बरेचसे रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी, पहिल्या काही मिनिटांतच ठरते. पाणी किती लवकर आणि किती वेळ मिळाले, यावर ते अवलंबून असते.

रसायन डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची हलकी धार किमान २० मिनिटे सोडावी. कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त वेळ. धार नाकाकडून कानाकडे जावी, म्हणजे दुसरा डोळा वाचतो. अंगावर सांडले तर कपडे, बूट, घड्याळ, करदोटा काढून तितकाच वेळ धुवावे. कोरडी पावडर असेल तर आधी झटकावी, मग पाणी. कॉस्टिकवर लिंबू किंवा व्हिनेगर, अ‍ॅसिडवर सोडा असे उलटे उपचार करू नयेत. त्या क्रियेतूनही उष्णता निर्माण होते. टूथपेस्ट, हळद, तूपही नको. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना तेच रसायन अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते.

इथे एक शंका येतेच. पाण्याने अ‍ॅसिड तापते, तर अ‍ॅसिड पडलेल्या अंगावर पाणी कसे ओतायचे? उत्तर प्रमाणात आहे. ओल्या फडक्याने पुसले तर पाणी थोडे आणि उष्णता जास्त. धो धो वाहते पाणी मात्र अ‍ॅसिड आणि उष्णता दोन्ही वाहून नेते.

दोनशे लिटरचा हिशेब

खरा प्रश्न पुढे आहे. सोलापूर शहरात उजनीचे पाणी अनेक भागांत वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आले आहे. कारखान्यात बोअरचे पाणी असते, पण वीज गेली की पंप बंद. मग ही २० मिनिटांची धार येणार कुठून?

हिशेब सोपा आहे. डोळे धुण्याच्या यंत्रासाठी मिनिटाला दीड लिटर धार पुरते. २० मिनिटांना ३० लिटर. हातपाय धुवायला मिनिटाला दहा लिटर धरले तर २०० लिटर, म्हणजे एक पिंप. मोठ्या कारखान्यात आपत्कालीन शॉवर हवाच. पण लहान डाय हाऊसमध्येही स्वच्छ पाण्याचे झाकलेले पिंप, खाली तोटी आणि तिला जोडलेली नळी एवढे नक्की करता येते. पिंप सावलीत, रसायन कालवण्याच्या जागेपासून दहा-पंधरा पावलांवर, वाटेत काही अडथळा नसेल असे ठेवावे. उंचीवर ठेवले म्हणजे वीज लागत नाही. त्यातले पाणी दुसऱ्या कशाला वापरायचे नाही आणि आठवड्याला बदलायचे.

गॉगल, लांब रबरी हातमोजे आणि एप्रन उकाड्यात नकोसे होतात, ही तक्रार खरी आहे. म्हणून कालवण्याचे काम सकाळी थंड वेळी, एकदाच, दोघांनी मिळून करावे. तेवढी दहा मिनिटे सगळी साधने अंगावर असतील असे बघावे. नजरेचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, आणि तोंडावरचा रुमाल वायू अडवत नाही.

पातळ केलेले कॉस्टिक आणि पाणी दिसायला सारखेच. ते पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये, घरी तर मुळीच नेऊ नये. प्रत्येक कॅनवर नाव, तीव्रता आणि तारीख लिहावी. इथला कामगार मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतो. त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावे, शेजारी धोक्याचे चित्र असावे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कॅनमध्ये काय आहे, हे विचारणे त्या हक्कात येते.

अपघात झालाच तर आधी पाणी, मग १०८ ला फोन. रुग्णाबरोबर कॅनवरच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवावा. ‘काहीतरी केमिकल होते’ एवढ्यावर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. नाव कळले की उपचार लगेच सुरू होतात.