बॅजर मारून गाय वाचते का?

चंदीगडहून अंबाल्याकडे निघाले की झिरकपूरनंतर पंजाबातले डेराबस्सी लागते. जवळच्याच बेहरा गावातल्या पोल्ट्री फार्मांवर जानेवारी 2021 मध्ये पीपीई किट घातलेली सरकारी पथके उतरली आणि त्यांनी पन्नास हजारांच्या घरात कोंबड्या मारून पुरून टाकल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केल्यावर पुढचे सगळे काही दिवसांत उरकले. शेजारी हरियाणात, बरवाल्याच्या पोल्ट्री पट्ट्यात, त्याच महिन्यात हेच घडले होते. तिथल्या सरकारने कोंबडीमागे 90 रुपये भरपाई जाहीर केली. नंदुरबारच्या नवापूरला तर हा घाव नवा नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ तिथेच आली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ती पुन्हा परतली.

कोंबड्यांच्या बाबतीत हा क्रूर उपाय लागू पडतो, कारण रोग झपाट्याचा असतो आणि पक्षी जागच्या जागी कोंडलेले असतात. बाधित फार्मभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ आखायचे, आतले पक्षी संपवायचे, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची.

गुरांच्या क्षयाला असे वर्तुळ आखता येत नाही. बाधित गाय वर्षानुवर्षे धडधाकट दिसते, विते, दूध देते आणि दावणीला शेजारी बांधलेल्या जनावराच्या तोंडावर श्वास सोडत राहते. भारतात झालेल्या पाहण्या एकत्र करून 2018 मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातली सुमारे 7.3 टक्के गुरे बाधित असावीत, म्हणजे जवळपास 2 कोटी 18 लाख. अमेरिकेत एकूण दुभत्या गायीही इतक्या नाहीत.

श्रीमंत देशांनी हा रोग ‘तपासा आणि मारा’ या पद्धतीने आटोक्यात आणला. ब्रिटन मात्र तिथे अडकला, आणि अडकला तो एका रानटी प्राण्यापाशी. बॅजर हा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बिळात कुटुंबकबिल्याने राहणारा निशाचर. 1971 मध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात एक मेलेला बॅजर क्षयाने बाधित आढळला आणि तेव्हापासून वाद पेटला तो पेटलाच. शेतकरी म्हणतात, आमच्या गायी मारता, मग कुरणात रोग सांडणाऱ्या बॅजरला का सोडता? निसर्गप्रेमी विचारतात, गायीपासून गायीला होणारा संसर्ग आधी का थांबवत नाही?

याचा निकाल लावायला 1998 मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. सुमारे 11 हजार बॅजर मारले गेले. 2007 च्या अहवालातले निष्कर्ष डोळे उघडणारे होते. जिथे पद्धतशीर शिकार झाली तिथे गुरांमधला क्षय सुमारे 23 टक्क्यांनी घटला, पण त्या क्षेत्राच्या शिवेबाहेर, दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, तो तितक्याच प्रमाणात वाढला. उरलेल्या बॅजरांच्या टोळ्या विस्कटल्या, ते हद्दी सोडून दूरदूर भटकू लागले आणि रोगही त्यांच्यासोबत गेला, असे शास्त्रज्ञांचे अनुमान होते. तरीही 2013 पासून इंग्लंडमध्ये शिकार पुन्हा सुरू झाली आणि दोन लाखांहून जास्त बॅजर मारले गेले. काही भागांत गुरांमधला क्षय बराच घटला हे खरे. पण त्याच काळात गायींच्या चाचण्याही कडक झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचे यावर संशोधक अजून भांडतात. 2024 मध्ये तिथल्या नव्या सरकारने शिकार टप्प्याटप्प्याने थांबवून लसीकडे वळण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे बॅजरवर खापर फोडायची सोय नाही, आणि बाधित गाय मारण्याचीही नाही. पंजाबात 1955 पासून गोहत्याबंदीचा कायदा आहे. महाराष्ट्रातही 2015 पासून गोवंशहत्याबंदी आहे. त्यामुळे भाकड झालेली गाय विकली जाते, सोडून दिली जाते किंवा गोशाळेत जाते. दाटीवाटीच्या गोशाळेत एक बाधित जनावर आले तर रोगाला आणखी काय हवे? दया म्हणून उभारलेल्या जागेत गायींना असा मरणाचा रोग लागावा, हे अस्वस्थ करणारे आहे.

चाचणी तशी अवघड नाही. मानेवरचे केस दोन ठिकाणी भादरायचे, एका जागी पक्ष्यांच्या आणि दुसऱ्या जागी गुरांच्या क्षयजंतूपासून केलेले ट्युबरक्युलिन कातडीत टोचायचे आणि 72 तासांनी कॅलिपरने सूज मोजायची. दुसरी सूज पहिलीपेक्षा 4 मिलीमीटरहून जास्त वाढली, तर जनावर बाधित धरतात. अडचण पुढची आहे: निकाल हाती आल्यावर पशुपालकाने करायचे काय? भरपाई नाही, वेगळा गोठा नाही, दूध मात्र रोज डेअरीला घालायचे आहे. अशा माणसाने चाचणीच टाळली तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणूनच लसीची बातमी इथे महत्त्वाची. माणसांना देतात ती बीसीजी लस मुळात गायीच्याच क्षयजंतूपासून, फ्रान्सच्या काल्मेत आणि गेरँ या जोडीने घडवली. 1921 मध्ये ती पहिल्यांदा बाळाला दिली गेली. गुरांना मात्र ती देत नसत, कारण लस दिलेली गायही चाचणीत बाधित दिसते. आता लस दिलेली गाय आणि खरोखर बाधित गाय यांतला फरक ओळखणारी नवी चाचणी तयार आहे. इथिओपियात बीसीजी दिलेल्या गुरांवर झालेल्या प्रयोगात संसर्गाचा प्रसार सुमारे 89 टक्क्यांनी घटल्याचे 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

जिथे मारणे शक्यच नाही, तिथे हाच रस्ता उरतो. लस येईपर्यंतही करण्यासारखे पुष्कळ आहे: धारोष्ण दुधाचा हट्ट सोडून ते उकळूनच पिणे, नवे जनावर कळपात घेण्याआधी तपासणे, गोशाळांत बाधितांसाठी वेगळे छप्पर आणि पाण्याची वेगळी कुंडी. आणि बाधित जनावर बाजूला काढणाऱ्या पशुपालकाला त्याच्या बुडालेल्या दुधाचे पैसे सरकारने दिले पाहिजेत.