शंभर रुपयांच्या आतील वस्तू ऑनलाइन विकणे परवडते का?

पापडाचे पाकीट, कापडी पिशवी, अगरबत्ती, राखी, पणत्या, केसांचे रबर. घरगुती उद्योग आणि बचत गट ज्या वस्तू बनवतात त्यांपैकी बऱ्याच वस्तूंची किंमत शंभर रुपयांच्या आत असते. त्यामुळे ऑनलाइन विक्रीचे प्रशिक्षण झाले, फोनवर दुकान उघडले, पहिल्या ऑर्डरही आल्या, की महिनाभरात एकच प्रश्न उरतो: एवढा व्याप करून हातात काय पडते?

याचे सरसकट उत्तर नाही. मात्र हिशोब मांडता येतो आणि तो दुकान उघडण्याआधीच मांडावा. खालील उदाहरणातील रकमा समजण्यासाठी घेतल्या आहेत. तुमच्या वस्तूचे आणि तुमच्या भागातील दर घालून तोच हिशोब पुन्हा करा.

एका पिशवीचा हिशोब

समजा, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरचा एक महिला बचत गट आहे. शहरात यंत्रमाग असल्याने सुती कापड जवळच मिळते. गट बाजारहाटाची पिशवी शिवतो. कापड, शिलाई आणि छपाई धरून एका पिशवीला ४५ रुपये लागतात. आठवडी बाजारात ती ८० रुपयांना जाते, म्हणजे पिशवीमागे ३५ रुपये उरतात.

तीच पिशवी पोस्टेजसह १२० रुपयांना ऑनलाइन लावली. बनवण्याचा खर्च ४५, पाकीट व लेबल ६, पाठवणी ४८, प्लॅटफॉर्मचे ठरावीक शुल्क ८, आणि पाठवणी व शुल्क या ५६ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १० रुपये. एकूण ११७. उरले ३ रुपये.

या ३ रुपयांसाठी कोणीतरी फोनवर ऑर्डर पाहिली, पिशवी घडी करून पाकिटात घातली, लेबल छापून चिकटवले आणि पार्सल नेऊन दिले किंवा नेणाऱ्याची वाट पाहिली. वीस मिनिटे सहज जातात. ही वीस मिनिटे बहुतेक गटांच्या वहीत कुठेच लिहिलेली नसतात, कारण ती घरातल्याच बाईची असतात. ती लिहा.

आता एक पिशवी परत आली असे धरा. पत्त्यावर कोणी नव्हते, किंवा पैसे घरपोच देतो म्हणणाऱ्याने पार्सल घेतलेच नाही. जाण्याचे ४८, येण्याचे ४८, त्यांवरचा जीएसटी सुमारे १७ आणि वाया गेलेले पाकीट ६ मिळून ११९ रुपये खिशातून गेले. पिशवीमागे ३ रुपये सुटत असतील तर एका परताव्यात चाळीस पिशव्यांची कमाई संपते. परताव्याचा खर्च कोणी सोसायचा हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळे असते. करार मान्य करण्यापूर्वी निदान तेवढा भाग वाचावा.

कमिशन शून्य, तरी पैसे कुठे जातात?

२०२५ मध्ये काही मोठ्या खासगी प्लॅटफॉर्मनी कमी किमतीच्या अनेक वस्तूंवरील कमिशन माफ केले. ही सवलत खरी आहे, पण स्वस्त वस्तूच्या बाबतीत कमिशन हा मुळात छोटा भाग होता. १२० रुपयांवर दहा टक्के म्हणजे १२ रुपये. पाठवणीचा खर्च याच्या चौपट आहे आणि तो वस्तूच्या किमतीवर नाही, वजनावर ठरतो. ६० रुपयांची वस्तू असो वा ६०० रुपयांची, पाकीट तेवढेच आणि पाठवणीही तेवढीच.

हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंचे गणित आणखी अवघड. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोमधील वजन धरतात. ३० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात बांधलेली बांबूची टोपली प्रत्यक्षात ४०० ग्रॅम भरली तरी आकारणी ३.६ किलोची होऊ शकते. एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच केला तर तेच खोके तिन्हींना पुरते.

पिशव्यांचेही तसेच आहे. पाच पिशव्यांचा संच पोस्टेजसह ४५० रुपयांना लावला. बनवण्याचे २२५, पॅकिंग ९, अर्ध्या किलोच्या आतली पाठवणी ५८, शुल्क १५ आणि जीएसटी १३, एकूण ३२०. उरले १३० रुपये, आणि वेळ तीच वीस मिनिटे. ग्राहकालाही पिशवी १२० ऐवजी ९० रुपयांना पडली.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. संचातही पिशवीमागे २६ रुपयेच सुटतात, बाजारात ३५ सुटत होते. जोवर गावात मागणी आहे तोवर आधी गावात विकणे फायद्याचे. बाजारात जेवढे खपते त्याहून जास्त माल तयार होत असेल, किंवा वस्तू अशी असेल की तिचा गिऱ्हाईक गावात नाहीच, तेव्हा ऑनलाइन विक्रीला अर्थ येतो.

जीएसटी नोंदणी लागते का?

पूर्वी ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवरून वस्तू विकायची तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना यातून सवलत आहे. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल (वस्तूंसाठी बऱ्याच राज्यांत वर्षाला ४० लाख रुपये, काही राज्यांत कमी) आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात असेल, तर नोंदणीशिवाय विकता येते. त्यासाठी पॅन लागतो आणि जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो दिल्याशिवाय प्लॅटफॉर्म तुमचा माल लावू शकत नाही.

अडचण ‘आपल्याच राज्यात’ या शब्दांत आहे. बुऱ्हाणपूरच्या गटाला शेकडो किलोमीटर दूर ग्वाल्हेरला पिशवी पाठवता येते, पण शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील रावेरला पाठवली की ती आंतरराज्य विक्री ठरते आणि सवलत संपते. सीमेवर राहणाऱ्या मराठी विक्रेत्यांचे नातेवाईक, ओळखीपाळखी आणि म्हणून पहिले गिऱ्हाईक बहुधा सीमेपलीकडचेच असतात. तेव्हा हा नियम त्यांनी आधी पाहावा.

नोंदणी घेतली तर प्लॅटफॉर्म विक्रीच्या करपात्र मूल्यावर ०.५ टक्के टीसीएस कापतो. ही रक्कम जीएसटी पोर्टलवरील तुमच्या रोख खात्यात जमा होते, ती बुडत नाही. १२० रुपयांवर हा आकडा ६० पैशांच्या आसपास आहे, त्याची चिंता नको. चिंता विवरणपत्रांची करा. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते आणि शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. हिशोबनीसाला द्यावे लागणारे पैसे वेगळेच. महिन्याला पन्नास-साठ ऑर्डर असणाऱ्याला हा खर्च झेपत नाही. अशा विक्रेत्याने पहिले काही महिने राज्यातच विक्री करून मागणीचा अंदाज घ्यावा, असे आम्ही सुचवू.

प्राप्तिकराचा टीडीएस वेगळा. व्यक्तिगत विक्रेत्याने पॅन किंवा आधार दिले असेल आणि प्लॅटफॉर्मवरील वर्षाची विक्री ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तो कापला जात नाही.

पाकिटावर काय छापावे?

बंद पाकिटातील वस्तूवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क देणे वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार आवश्यक आहे. यातील बहुतेक माहिती ऑनलाइन पानावरही दिसावी लागते. पापड, मसाला, लोणचे अशा खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची नोंदणी लागते, मग ते घरी बनवलेले का असेनात. लहान उत्पादकासाठीच्या मूळ नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

कोणत्या योजनांचा खरोखर उपयोग होतो?

सुरुवात उद्यम नोंदणीपासून करा. ती पूर्णपणे मोफत आहे. सरकारीच वाटतील अशी काही खासगी संकेतस्थळे त्यासाठी पैसे मागतात, ते देऊ नका. पॅन-जीएसटी नसलेल्या अगदी लहान उद्योगांसाठी उद्यम असिस्ट मंच आहे.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०२४ मध्ये ‘टीम’ हा उपक्रम सुरू झाला. राष्ट्रीय लघु उद्योग निगम तो राबवते. ओएनडीसी जाळ्यावर येण्यासाठी वस्तूंची यादी व छायाचित्रे तयार करणे, खाते सांभाळणे, पॅकिंग आणि पाठवणी यांसाठी यातून मदत मिळते. पाच लाख उद्योगांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट असून त्यांतील निम्मे महिलांचे असावेत असे ठरले आहे. वरच्या हिशोबात सर्वांत मोठा बोजा पाठवणी आणि पॅकिंगचा होता, म्हणून स्वस्त वस्तूंच्या विक्रेत्यांनी ही मदत आधी पाहावी. ओएनडीसी हे एक ॲप नाही. विक्रेता एका ॲपवरून माल लावतो आणि ग्राहक दुसऱ्याच ॲपवर तो पाहू शकतो. त्याच शहरातील ग्राहक मिळाला तर पाठवणी स्वस्त पडते.

बचत गटांसाठी ग्रामीण विकास मंत्रालयाचे ई-सरस पोर्टल आहे. शिंपी, कुंभार, खेळणी बनवणारे, टोपल्या-झाडू-चटया बनवणारे अशा १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज आणि प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे १ रुपया (महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहार) मिळतो. एक रुपया ऐकून हसू येईल, पण ज्या पिशवीत ३ रुपये सुटतात तिथे तो एक तृतीयांश आहे.

आमच्या मते स्वस्त वस्तूंना सर्वांत योग्य ऑनलाइन बाजार जेमचा, म्हणजे सरकारी खरेदीच्या ई-बाजाराचा आहे, आणि लहान उत्पादक नेमके तिथेच कचरतात. तिथे ग्राहक एक पिशवी मागत नाही. कार्यालयाला परिषदेसाठी तीनशे पिशव्या हव्या असतात. पाठवणी एकदाच, परताव्याची भीती कमी. केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. त्यात ३ टक्के वाटा महिला उद्योजकांसाठी आहे. मात्र पैसे माल स्वीकारल्यानंतर येतात. तोवर कापडवाल्याचे देणे कशातून भागवायचे, हे गटाने बोली लावण्यापूर्वी ठरवावे.

ज्यांना पार्सलचा व्याप नकोच, त्यांनी रेल्वेच्या ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेत स्थानकावरील स्टॉलसाठी अर्ज करावा. तिथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहते आणि लगेच पैसे देते.

पैसे घेताना

थेट फोनवर ऑर्डर घेणाऱ्यांना ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारे ग्राहक भेटतात. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.