बातमी आणि भीती

‘दहशत’ हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. मराठीने त्याला ‘वाद’ जोडला आणि ‘दहशतवाद’ हा शब्द तयार झाला. या शब्दातच त्याचे तंत्र सांगितलेले आहे. दहशतवादी दहा माणसांना मारतो, पण त्याला घाबरवायचे असते दहा लाखांना. तो स्वतः दहा लाख घरांत जाऊ शकत नाही. तिथे जाते ती बातमी.

ही युक्ती फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानात इफेसस नावाचे प्राचीन शहर होते. इ. स. पूर्व ३५६ मध्ये तेथील आर्टेमिस देवीचे भव्य मंदिर एका माणसाने जाळून टाकले. आपले नाव जगभर व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. शहरवासीयांनी त्याला ठार केले आणि त्याचे नाव कोणी उच्चारू नये असा हुकूम काढला. पण थिओपोम्पस नावाच्या इतिहासकाराने ते लिहून ठेवले आणि आज ते ज्ञानकोशांतही सापडते. मी मात्र ते इथे लिहीत नाही.

ब्रिटनच्या सरकारनेही १९८८ साली असा एक प्रयोग केला. उत्तर आयर्लंडमधील काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ व टीव्हीवर ऐकवण्यास बंदी घातली. मग वाहिन्यांनी काय केले? पडद्यावर चेहरा पुढाऱ्याचा दाखवला आणि त्याचे शब्द नटाकडून बोलवून घेतले! हा प्रकार १९९४ पर्यंत चालू होता.

बातमी दाबली तर अफवा पसरतात, आणि अफवेला ना तारीख असते ना लेखकाचे नाव. तेव्हा बातमी हवीच. ती किती द्यावी आणि कशी द्यावी हे ठरवायचे, तर आधी तिचा परिणाम मोजायला हवा. पण भीती मोजणार कशी? तिला वजन नाही, लांबी नाही. संशोधकांनी यासाठी ज्या वाटा शोधल्या, त्या मोठ्या मजेदार आहेत.

१५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी दोन बाँबस्फोट झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच संशोधकांनी ४,६७५ प्रौढांना प्रश्न विचारले. झोप लागते का? ते दृश्य सारखे डोळ्यांसमोर येते का? स्फोटाच्या बातम्या रोज किती तास पाहिल्या? उत्तरे पाहून तेही चकित झाले. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्याच बातम्या पाहत होते, त्यांच्या मनावरचा ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त होता!

तुम्हांला शंका आली असेल. मुळात घाबरट स्वभावाची माणसेच जास्त बातम्या पाहत असतील, तर? शंका अगदी बरोबर आहे. संशोधकांनाही ती आली होती. म्हणून त्या लोकांचे मानसिक आरोग्य आधी कसे होते, हेही त्यांनी हिशेबात धरले. तरीही निष्कर्ष तोच राहिला.

भीती माणसाला काय करायला लावते, याचे दुसरे उदाहरण पाहा. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचे अपहरण झाले. त्या हल्ल्यांत जवळजवळ ३,००० माणसे मारली गेली. कोसळणाऱ्या मनोऱ्यांची दृश्ये टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. पुढचे काही महिने अनेक अमेरिकन लोकांनी विमानप्रवास टाळला आणि मोटारीने जाणे पसंत केले. पण मोटारीचा प्रवास विमानापेक्षा जास्त धोक्याचा असतो. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अपघातांचे आकडे तपासले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रस्त्यांवर सुमारे ३५० माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली. त्या चार विमानांत मिळून एवढी माणसे नव्हती. याला एकटा टीव्ही जबाबदार आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांनी ती दृश्ये घरबसल्या पाहिली, त्यांच्यापैकी कितीतरी जण या ३५० मध्ये असतील.

आता उलट बाजूचा प्रश्न. बातम्यांमुळे हल्ले वाढतात का? हा कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच आहे. हल्ले जास्त झाले की बातम्या वाढणारच. मायकल जेटर या अर्थशास्त्रज्ञाने त्यातून एक वाट काढली. मोठे वादळ किंवा भूकंप झाला की वर्तमानपत्रातील जागा ती बातमी घेते आणि त्याच वेळी दुसऱ्या देशात झालेल्या हल्ल्याची बातमी लहान होते. म्हणजे निसर्गच प्रयोग करून देतो! जेटर यांनी १९७० ते २०१२ या काळातील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ तपासला. ज्या हल्ल्यांना जागा कमी मिळाली, त्यांच्यानंतर पुढचे हल्लेही कमी झालेले दिसले.

आणखी एक पाहणी तुम्हांला माहीत असावी असे मला वाटते. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या १३६ हल्ल्यांच्या बातम्या संशोधकांनी मोजल्या. हल्ला करणारा मुसलमान असेल, तर त्या हल्ल्याला सरासरी ३५७ टक्के जास्त बातम्या मिळाल्या होत्या, म्हणजे साडेचार पटींहून अधिक. मृतांची संख्या वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक उरला. रोज अशी बातमी वाचणाऱ्याच्या मनात कोणाविषयी भीती बसत असेल, आणि तिचा त्रास रस्त्यातून जाणाऱ्या कोणत्या निरपराध माणसाला होत असेल, हे सांगायला संशोधक कशाला हवा?

कधी कधी प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष जीव धोक्यात येतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि ते दृश्य टीव्हीवर थेट दिसत होते. हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारे सूत्रधारही टीव्हीसमोर बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने केबल टीव्हीच्या नियमांत बदल करून अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद केले. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी देईल तेवढीच माहिती दाखवायची, असे ठरले.

हे मोजमाप तुम्हांलाही करता येईल. घरी येणारे उर्दू वर्तमानपत्र आणि एक मराठी वर्तमानपत्र आठवडाभर जपून ठेवा. हल्ला, रस्त्यावरचा अपघात, आजार यांच्या बातम्यांना किती जागा मिळाली ती फूटपट्टीने मोजा आणि वहीत लिहा. मग शेजारच्या दहा जणांना विचारा, की तुम्हांला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? त्यांची उत्तरे त्याच वहीत, समोरच्या पानावर लिहा.