क्षुद्र नियमांचा मोह

कुशिनारेच्या शालवनांत 80 वर्षांचे भगवान् बुद्ध अंतिम शय्येवर पडले असतां, 25 वर्षें त्यांची सेवा केलेला आनंद दाराशीं टेकून रडत होता. जें उत्पन्न झालें तें लयास जाणारच, अशी बुद्धांनीं त्याची समजूत घातली. ही कथा वाचकांस ठाऊक असेलच. आम्हां वकिलांस तिचा पुढील भाग अधिक विचारार्ह वाटतो.

आपल्या पश्चात् संघास वाटल्यास त्यानें क्षुद्र नियम खुशाल रद्द करावे, अशी मुभा बुद्धांनीं देऊन ठेविली होती. स्वतःच केलेल्या कायद्याचा मोह न धरणारा असा शास्ता विरळाच! पुढें राजगृहाच्या संगीतींत प्रश्न निघाला कीं, क्षुद्र नियम कोणते? ज्यांच्या भंगानें भिक्षु संघाबाहेर पडतो ते 4 सोडून बाकी सारे क्षुद्र, असें कोणी म्हणाले, कोणी आणखी 13 वगळले, एकमत होईना. तेव्हां महाकाश्यपानें ठराव आणिला: नवा नियम करूं नये, जुना मोडूं नये, नाहीं तर चितेचा धूर निघत होता तोंवरच यांचे नियम टिकले, असें लोक म्हणतील.

ही भीति अगदींच पोकळ होती, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु घरदार सोडलेल्या 500 अर्हतांसही लोकापवादाचें भय सोडवेना, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आमच्या सभांतून साध्या पोटकलमाची दुरुस्ती कां अडते, याचें नवल वाटत नाहीं.

ठराव संमत झाला. क्षुद्र नियम कोणते, हें वेळींच विचारून घेतलें नाहीं, हा दोष मात्र आनंदाच्या माथीं आला. यांत मला अपराध दिसत नाहीं, तरी आपणांवरील श्रद्धेस्तव तो कबूल करतों, असें त्यानें सांगितलें.